पाहुण्याची कंपनी

माझ्या सासरी एक रीत आहे आणि ती कुठल्या पोथीत सापडायची नाही. घरात मूल जन्मलं की बारशानंतर त्याच्या नावावर थोडे शेअर घ्यायचे. तेही वाटेल त्या कंपनीचे नाहीत. बाळाच्या अंगाला पहिली जी वस्तू लागली असेल, ती ज्या कंपनीची, तिचेच. सासरे जबलपूरच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते आणि ही त्यांचीच अक्कल. मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणतात, तर निदान दुसऱ्याच्या धंद्यात वाटा तरी असावा, असं ते म्हणायचे. माझ्या नवऱ्याचा जन्म झाला तेव्हा दाईने त्यांना एका गिरणीच्या मांजरपाटात गुंडाळलं होतं, म्हणून त्या गिरणीचे शेअर आले. गिरणी पुढे बंद पडली. ते कागद अजून ट्रंकेत आहेत आणि दिवाळीच्या सफाईत वर्षातून एकदा ऊन खातात. आमच्या मुलीच्या वेळी साबण निघाला. त्या साबणाने मात्र तिच्या लग्नातल्या जेवणावळीचा खर्च भागवला.

माझ्या माहेरची, नागपूरची, रीत याच्या अगदी उलट. मूल हाती येईपर्यंत त्याच्यासाठी काही म्हणजे काही घ्यायचं नाही. झबलं नाही, टोपडं नाही, पाळण्याची दोरीसुद्धा नाही. जुन्या लुगड्याची दुपटीही बाळ आल्यावरच फाडायची. आई म्हणायची, आपण वाट बघतो आहोत हे दाखवू नये. कोणाला दाखवू नये, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. वटवाघूळ अंधारात न धडकता कसं उडतं, ते सातवीच्या कितीतरी वर्गांना समजावलं. पण ही एक रीत मोडायची माझी छाती झाली नाही, आणि याची मला लाजही वाटत नाही.

दोन्ही रीती एका घरात सुखाने नांदल्या, कारण शेअरांना नाव लागतं आणि नाव बारशाला ठेवतात. भांडण व्हायचं काही कारणच नव्हतं. ते कारण सोनोग्राफीच्या यंत्राने आणलं.

आमची मुलगी तेव्हा आमच्याकडेच होती, जबलपुरातल्या गोरखपूर भागातल्या घरी. जावई फौजेत आणि पोस्टिंग अशा ठिकाणी की बायकोला नेता येत नाही. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम वरच्या खोलीत बसून लॅपटॉपवर करायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळातले डॉक्टर, इंजेक्शनं, नवस, लोकांचे प्रश्न यांच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांनी भोगलं नाही त्यांनी उगाच हळहळू नये. शेवटी एकदाची बातमी आली. त्या दिवशी जेवताना आम्ही तिघं भाजीच्या मिठाबद्दल बोललो. नाव ठेवायचं नाही, बोलायचं नाही, म्हणून यांनी त्याला ‘पाहुणा’ म्हणायला सुरुवात केली. पाहुण्याला आंबट चालतं का, पाहुण्याने आज झोपू दिलं का, असं.

पहिल्या सोनोग्राफीला नेपियर टाउनमध्ये गेलो. बाहेरच्या बाकांवर मझौलीहून, शहपुऱ्याहून पहिल्या बसने आलेल्या बायका पाण्याच्या बाटल्या घेऊन बसल्या होत्या. भिंतीवर तो बोर्ड, इथे गर्भातलं मूल मुलगा की मुलगी हे सांगितलं जात नाही, विचारणं हा गुन्हा आहे. हे त्या बोर्डाखाली बसले आणि मी मुलीबरोबर आत गेले. मला पडद्याकडे बघवेना. इतक्या वर्षांत पडद्यांनी आम्हाला काही चांगलं दाखवलं नव्हतं. मी यंत्राच्या कडेला लिहिलेल्या नावावर डोळे रोवून उभी राहिले. मग डॉक्टरीणबाईंनी कुठलंसं बटण दाबलं आणि खोलीत आवाज भरला, शिवणाचं मशीन भरधाव चालावं तसा. मुलीने माझं बोट इतकं घट्ट धरलं की अंगठी रुतली.

बाहेर आले तर हे उभेच होते. मी म्हटलं, ठोके आहेत, सगळं ठीक आहे. त्यांचे डोळे भरले. रुमाल काढला, नाक शिंकरलं, आणि विचारलं, “मशीन कोणत्या कंपनीची होती?”

माणसाने अशा वेळी काय विचारावं याला काही सुमार आहे की नाही. पण मी नाव वाचलेलं होतं आणि रागारागात सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळी माहिती काढली. मूळ कंपनी परदेशातली, पण तिची एक शाखा इथल्या शेअर बाजारात आहे, कारखाना दक्षिणेत कुठेतरी आहे, यंत्रं तिथेच जोडतात. मला काय शिजतंय ते कळलं. मी म्हटलं, बारशाच्या आधी एक पैशाचंही काही येणार नाही या घरात.

“अगं, झबलं वेगळं. शेअर काय दिसतो? काय हाताला लागतो?”

“मग घेता काहून?”

त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं. आपली रीत काय, तर बाळाच्या अंगाला पहिली लागली त्या वस्तूची कंपनी. पूर्वी मूल जन्मल्यावर लागायची, कापड, साबण. आता मुलाला पहिला हात लागतो तो या यंत्राच्या आवाजाचा. तो आज लागला. म्हणजे आजच घ्यायला पाहिजे, बारशापर्यंत थांबलो तर रीत मोडली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं आमचं सुरू असताना मुलगी जिन्यात बसून हसत होती. ती हसत होती म्हणून मी गप्प बसले. तिला हसताना पाहून फार दिवस झाले होते.

शेअर घेतले गेले. लहान मुलाच्या नावाचं खातं उघडायला जन्माचा दाखला लागतो, तो कुठून आणणार, म्हणून तूर्त आपल्याच खात्यात ठेवले. बारसं झालं की फिरवू, म्हणाले. हे बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे एखाद्या कंपनीत दहा रुपये घातले तरी तिची सात पिढ्यांची चौकशी करणार. पण या वेळी चौकशीचं वेडच लागलं. आवाज आत जातो, आदळून परत येतो, त्या परतीचं चित्र होतं, हे मी सातवीच्या मुलांना सांगत आले ते मलाच सांगायला लागले. रेल्वेचे रूळ आतून तडकलेत का ते याच तंत्राने तपासतात. धरणाच्या लोखंडी दारांचे सांधे तपासतात. मूतखडे फोडतात. त्यांनी अशा आणखी दोन कंपन्या शोधल्या आणि म्हणाले, या नाही घेणार, यांचा पाहुण्याशी संबंध नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती संपल्यावर लोक प्रसादाचे द्रोण घेऊन यांच्याभोवती उभे राहू लागले. कोणी विचारायचं, साहेब, हे सोनोग्राफीवालं कसं आहे? हे सांगायचे, लंबी रेस का घोडा.

प्रत्येक तपासणीनंतर थोडे शेअर आणखी. भाव आधी उतरला. मला बरं वाटलं, वाटलं आता सोडतील नाद. तर म्हणे, हीच वेळ आहे घ्यायची. मझौली-शहपुऱ्याच्या त्या बायकांचा ते हिशेब मांडायचे, एका सोनोग्राफीसाठी अर्धा दिवस बसमध्ये घालवतात, गावोगाव यंत्र गेलं तर केवढं मार्केट आहे. मी म्हटलं, तुम्हाला त्या बाकावर मार्केट दिसतं, मला त्यांचे सुजलेले पाय दिसतात. त्यांनी तेही ऐकून घेतलं. खिशात मावेल असं यंत्र कंपनी काढणार होती, पण आपल्या देशात कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र वाटेल तिथे नेता येत नाही, ज्या जागेची नोंद केली तिथेच ठेवावं लागतं. मुली पोटातच मारल्या जाऊ नयेत म्हणून. यांच्या मते कंपनीला धोका असलाच तर एवढाच होता.

साडेतीनला बाजार बंद होतो. तेव्हा मुलगी काम थांबवून चहाला खाली यायची आणि जिन्यातूनच विचारायची, “बाबा, पाहुण्याची कंपनी काय म्हणते?” हे भाव सांगायचे. वाढला तर ती म्हणायची, अच्छा, आणि कमी झाला तर म्हणायची, वाढेल. मी आलं किसत असायचे. तोंडाने मी कटकट करायचे, पण त्या वेळेची मीही वाट बघायला लागले होते, हे आता लिहिताना मला सहन होत नाही.

पाचव्या महिन्यातल्या मोठ्या तपासणीला पुन्हा तेच बाक, तोच बोर्ड. तिला दोन दिवस हालचाल जाणवत नव्हती, पण पहिलटकरणीला कधी जाणवते, कधी नाही, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो. आत गेल्यावर या वेळी मी पडद्याकडेच बघत होते. मला धीर आला होता. डॉक्टरीणबाईंनी हातातलं ते यंत्र पोटावरून फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला. ते बटण त्यांनी दाबलंच नाही. मी वाट बघत राहिले की आता दाबतील. पडदा वळल्यामुळे यंत्राची कड माझ्यासमोर आली आणि त्यावरचं ते नाव.

बाहेर हे उभे होते. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

पुढचं दवाखान्यात झालं. तिला पूर्ण कळा द्यायला लावल्या, जसं काही पदरात काही पडणारच आहे. जे होतं ते दवाखान्याने ठेवून घेतलं. मुलगा होता की मुलगी, कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या बोर्डाखाली बसून बसून तो प्रश्न तोंडातून निघेनासाच झाला होता. जावई सुट्टी मिळवून पोहोचले तोपर्यंत ती घरी आली होती. ते तिच्या पलंगाजवळ जमिनीवर बसले आणि बूट काढायचे विसरले.

त्याच आठवड्यात भाव चढला. कंपनीला कसलंसं मोठं काम मिळालं होतं. मंडळातल्या एकाचा फोन आला, साहेब, तुमच्यामुळे आम्ही पण कमावलं, पार्टी पाहिजे. यांनी हो म्हटलं, धन्यवाद म्हटलं आणि फोन ठेवून न्हाणीघरात गेले. नळ खूप वेळ चालू होता.

दुसऱ्या घरांत अशा वेळी काहीतरी आवरायचं असतं. झबली असतात, कोणी विणलेला स्वेटर असतो, बायका ते डोळे पुसत बांधून माळ्यावर टाकतात. आमच्याकडे आवरायला काही नव्हतं. माझ्या रीतीने घर साफ ठेवलं होतं. मी खोल्यांतून नुसतीच फिरायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. दूध आलं होतं आणि ते थांबायला गोळ्या दिल्या होत्या. साडेतीन वाजले की घरात एक शांतता व्हायची आणि आम्ही तिघंही ती ओळखायचो.

जावई परत गेल्यावर एकदा मी तिला जबरदस्तीने जेवायला खाली आणलं. तिने वरण कालवलं आणि तसंच ठेवलं. मग वर न बघता म्हणाली, “बाबा, आई नको म्हणत होती. तुम्ही आधी काहून घेतलं?”

ही इंजिनीयर झालेली मुलगी. माझ्या उपासांवर हसणारी. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणायला हवं होतं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. मी म्हटलंही, असं काही नसतं गं, शास्त्राने पाहिलं तर असं काही नसतं. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला, कारण आतून मी तिच्याच बाजूला होते. पहिल्या दिवसापासून होते. तिने ते ओळखलं, यांनीही ओळखलं. एका वाक्याने मी त्यांना सोडवू शकत होते आणि ते वाक्य माझ्याकडे नव्हतं. हे ताटावरून उठले नाहीत. सगळा भात संपवला, ताक प्यायले, ताट धुऊन ठेवलं. त्यानंतर हा माणूस म्हातारा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. चष्मा लावला. मला म्हणाले, विकून टाकतो सगळे, आजच. मी म्हटलं, टाका. त्या पैशांचं काय करायचं ते आम्ही दोघांनीही विचारलं नाही. बाजार उघडायची वाट बघत ते बसून राहिले आणि मी कुकर लावला. मुलगी कधी खाली आली कळलं नाही. ती त्यांच्या मागे उभी होती आणि फोनवर काय चाललंय ते तिने पाहिलं.

“नका विकू,” ती म्हणाली. “बाबा, त्याच्यासाठी आपण अजून काय घेतलं होतं? काहीच तर नाही.”

यांनी फोन पालथा ठेवला. ती शेजारच्या खुर्चीवर बसली आणि बऱ्याच दिवसांनी रडली. मोठ्याने रडली, शेजारच्या दीदी दार वाजवून गेल्या इतकं. मी कुकर बंद करायचा विसरले. माझ्या आईने मला वाट बघणं लपवायला शिकवलं, पण वाट बघून हाती काही आलं नाही तर मागे काय उरतं, ते शिकवलं नव्हतं. काही उरत नाही. नाव नाही, दाखला नाही, फोटो नाही. ज्या गोष्टीवरून मी भांडले तीच एक उरली होती, आणि तीही दिसत नव्हती, हाताला लागत नव्हती.

यथावकाश जावयांची बदली पंजाबात झाली, बायकोला नेता येईल अशा ठिकाणी. ती गेली. तिथे सगळं चांगलं आहे, बाग आहे, शेजार आहे. डॉक्टर म्हणतात पुन्हा प्रयत्न करा. ती नाही म्हणते. आधी जावई समजूत घालायचे, आता तेही घालत नाहीत. माझ्याशी ती स्वयंपाकाचं बोलते, हवेचं बोलते. पण साडेतीन वाजून गेले की तिचा फोन बाबांना येतो. “किती?” एवढंच विचारते. हे भाव सांगतात. वाढला असेल तर ती अच्छा म्हणते, उतरला असेल तर वाढेल म्हणते. मग फोन ठेवते. बापलेकीत एवढंच बोलणं उरलं आहे आणि एक दिवस ते चुकत नाही. एकदा यांना ताप होता तर मला भाव बघून ठेवायला लावला होता.

गेल्या पावसाळ्यात कंपनीकडून कळवलं की परदेशातले मालक उरलेले सगळे शेअर परत घेणार आहेत. बाजारातून कंपनी काढून घ्यायची, पूर्ण आपल्याच हातात ठेवायची, असा त्यांचा विचार. भावापेक्षा बराच चढा दर दिला होता. यांनी चौकशी केली, मला नको असेल तर? शेअर माझ्याकडेच राहू द्यायचे असतील तर? शेअर दलालाच्या दुकानातला मुलगा हसला. म्हणाला, अंकल, इतना अच्छा रेट मिल रहा है, और इसमें मना करने का ऑप्शन ही नहीं है. बहुसंख्य भागधारकांनी होकार दिला होता, कोर्टाची मंजुरी आली होती. एके दिवशी खात्यातून शेअर गेले आणि बँकेत पैसे आले. मंडळातली माणसं पेढे मागत घरी आली. आणले मी पेढे, दिले. सगळे म्हणाले, साहेबांची नजर काही वेगळीच.

त्या दिवशी तिचा फोन वाजला तेव्हा हे फोनकडे बघत बसले. मग माझ्याकडे बघितलं, त्या जेवणाच्या दिवशी पाहिलं होतं तसंच. या वेळी मी फोन उचलून त्यांच्या हातात दिला आणि मान हलवली. त्यांनी एक आकडा सांगितला. कालच्यापेक्षा थोडा जास्त.

तेव्हापासून ते रोज भाव ठरवतात. जेवण झालं की झोपाळ्यावर बसून विचार करतात, आज किती सांगायचा. नुसता वाढवून चालत नाही, तिला शंका येईल, म्हणून मधूनमधून उतरवतात. बाजार पडला असेल तर यांचाही पडतो. तिला एका बोटात सगळं फोनवर दिसू शकतं. ती बघत नाही, की बघून गप्प बसते, ते मला ठाऊक नाही आणि मला कळायलाही नको आहे.

काल यांनी भाव जरा उतरवून सांगितला. मी जवळच आलं किसत होते. पलीकडून तिचा आवाज स्वच्छ आला, “वाढेल, बाबा.”

हे म्हणाले, “हो. वाढेल.”